वाचता येत असून दिलेला अंगठा

आप्पांनी माझं मनगट धरलं, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आन् कागदावर टेकवला. मग खिशातनं रुमाल काढला. मला वाटलं, माझी शाई पुसायला देत्यात. न्हाई. स्वतःची बोटं पुसली. एकेक करून. माझ्या हाताला सिमेंट होतं ना.

"जा आता गं," म्हणले.

माझी पंचावन्न सरली. आप्पा माझ्या थोरल्या पोराच्या वयाचे. शिरूरच्या ज्या कॉलेजात माझी लेक शिकती, तिथल्या खेळ समितीचे अध्यक्ष. सणसवाडीतली आमची खोली त्यांची. मी विटा वाहती ती बांधकामंबी त्यांचीच. मग मान वर कुठनं होणार?

माझी लेक रेश्मा बेसबॉल खेळती. आमच्या आळीत हे कुणाला ठावं न्हाई. शेजारीण म्हणती, "म्हंजी थोरामोठ्यांचा विटी-दांडूच की." असू दे. रेश्मा कॅचर हाय. वाकून बसायचं आन् समोरनं सुसाट येणारा चेंडू झेलायचा. ते तिला बांधकामावर आलं. आम्ही खालनं विटा फेकतो, परांचीवरचा माणूस झेलतो. हात ताठ ठेवला की बोटं गेली. विटेसंगं हात मागं न्यायचा. सुट्टीत माझ्या विटा झेलून झेलून तयार झाली पोरगी.

गेल्या वर्षी कॉलेजच्या टीममधनं तिची शिबिराला निवड झाली. त्या शिबिरातनं बेसबॉलच्या मोठ्या लीगमधल्या खालच्या टीममधी घेत्यात. पगारी खेळाडू. तिथं चमकलं की वरची टीम. ह्याच्यासाठी ती पोरगी पहाटे उठून पळायची.

यादी आप्पांच्या हातात आली. त्यांनी मला कामावरनं बोलावून घेतलं. म्हणले, "औंदा माझ्या पुतणीला जाऊ दे. तुझी जाईल पुढच्या साली." आन् तो कागद पुढं केला.

आता खरं सांगती. मला वाचता येत होतं. शाळा न्हाई बघितली, पण रेश्माच्या पहिलीच्या पुस्तकावर मीबी अक्षरं गिरवली, सिमेंटच्या गोण्या वाचल्या. कागदावर लिव्हलं होतं, 'घरच्या अडचणीमुळे माझी मुलगी स्वखुशीने माघार घेत आहे.' सगळं वाचलं. तरी अंगठा दिला.

घरी येऊन लेकीला सांगितलं, "तुझं नाव यादीत न्हवतं."

ती रात्रभर भिंतीकडं तोंड करून पडली. मी पाठीवर हात ठेवला. तोच हात.

ह्या वर्षी दौंडला निवड होती. वयाच्या हिशोबानं तिची शेवटची. एसटीनं दोघी गेलो. दिवसभर तिच्या हातनं एक चेंडू सुटला न्हाई. मग निवड करणाऱ्या मॅडमनी फाईल उघडली.

"गेल्या वर्षी निवड झाल्यावर हिनं माघार घेतलीय. अशा मुलींवर कसा भरवसा ठेवायचा? हा आईचा अंगठा."

रेश्मानं कागद बघितला. मग मला बघितलं.

"आई, तू तर म्हणलीस नाव न्हवतं."

कॉलेजातर्फे आलेले आप्पा तिथंच खुर्चीवर. हसून म्हणले, "मॅडम, बाई अडाणी हाय. तिला काय कळतंय?"

बघा, सुटायची वाट दिली होती मला. नुसती मान हलवायची होती. लेकीनंबी माफ केलं असतं, अडाणी आई म्हणून.

मी कागद घेतला. मोठ्यानं वाचला. शेवटपतुर. अडखळले, पण वाचला.

"मला वाचता येतंय," म्हणलं. "तवाबी येत होतं. खोली जाईल म्हणून भ्याले आन् लेकीशी खोटं बोलले. हात ह्यानं धरला होता."

"मावशे," आप्पा हळूच म्हणला, "जीभ आवर."

"जीभ माझी हाय," म्हणलं. "खोली तुझी. घे."

मॅडम म्हणल्या, "मी हे निवड समितीपुढं ठेवते. खात्री देत नाही."

चार दिवसांत खोली गेली, कामबी गेलं. आता मांडवगणला बहिणीच्या पत्र्याच्या खोलीत राहतोय. रेश्मा पळायला जाती, जेवती, माझ्याशी बोलत न्हाई. काल ताट सारून उठली. बोलू नये तिनं. तिचं एक साल मी खाल्लंय, आन् आता दुसरंबी जायाला टेकलंय.

शनिवारी मॅडमची ती निवड समिती बसणार हाय. मला बोलावणं न्हाई. मी जाणार. आत घेतलं न्हाई तर दारात उभी राहून सांगीन, पोरींसंगं जेवढ्या आया तिथं येतील तेवढ्यांना. माझी लाज झाकून ठेवली तर त्या आप्पाचंच काम होतंय, एवढं आता कळलं. त्या कागदावर नुसती माझीच निशाणी हाय. ज्यानं लिव्हला, ज्यानं हात धरला, त्याचं नाव कुठंच न्हाई. ते नाव तिथं लिव्हल्याबिगर मी घरी येणार न्हाई.