कपाटात कोंडलेलं नेट

धानोऱ्याच्या पुढे जंगलात शिरलं की एका ग्रामपंचायतीची खोली लागते. तिथे लॅपटॉपसमोर बसणारा श्रीहरी म्हणजे पंचक्रोशीतला एकमेव कॉम्प्युटरवाला. दाखले, फॉर्म, सातबारा, सगळं त्याच्याच हातून. माणूस वाईट नव्हे, पण कुणी काही सुचवलेलं त्याला खपत नसे. बारा वर्षं त्या खुर्चीत बसलेल्याला शहाणपण कोण शिकवणार?

यंदा ग्रामसभेने मोहफुलांची पोती त्याच खोलीत रचली. वासावर उंदीर आले आणि त्यांनी नेटच्या डब्याची, म्हणजे वायफायच्या राउटरची, वायर कुरतडली. श्रीहरीने नवी वायर आणली, लोखंडी कपाटाला मागून भोक पाडलं, डबा आत ठेवला आणि दार लावून टाकलं. "आता कुरतडा म्हणा!" असं सरपंचांना सांगताना गडी भलताच खूश होता.

तेव्हापासून लॅपटॉपवर नेटची एकच कांडी दिसू लागली.

त्याच आठवड्यात टोल्यावरची, म्हणजे जंगलातल्या छोट्या वस्तीवरची, सोमारी आली. तिची लेक दीपिका बारावी झाली होती. नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता आणि मुदतीला चारच दिवस उरले होते. श्रीहरीने पान उघडायला घेतलं, तर चकरी नुसती फिरत राहिली. त्याने लॅपटॉप बंद करून चालू केला, खिडकीत नेला, रजिस्टरांच्या ढिगावर उंच ठेवला, पासवर्ड पुन्हा टाकला. सगळं करून पाहिलं, फक्त कपाटाकडे पाहिलं नाही.

"टावरच कमजोर आहे, बाई. जंगलात राह्यता तुमी, नेट का मोहासारखं टपटप पडते?"

पोरीचे कागद पदरात गुंडाळून सोमारी दोन कोस चालत परत गेली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. तेव्हा तिने भीत भीत विचारलं, "भाऊ, मी धानोऱ्याले जाऊन पाहू का?"

श्रीहरीला ते झोंबलं. "तिथीबी हेच नेट आहे. काऊन हेलपाटा घालता? उद्या मी करून देतो ना!"

तो उद्या म्हणजे शेवटचा दिवस. सोमारी संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिली आणि चकरी फिरत राहिली.

पाचव्या दिवशी ती पुन्हा आली, मुदत वाढली का विचारायला. श्रीहरीने पान उघडायला घेतलं आणि तोवर एक रजिस्टर काढावं म्हणून कपाटाचं दार उघडलं. पान झरकन उघडलं. नेटच्या चार कांड्या. समोर लाल अक्षरं: अर्जाची मुदत संपली आहे.

त्याने दार लावलं. एक कांडी. उघडलं. चार. त्याचे कान तापले. सोमारीकडे बघायची त्याला लाज वाटली.

"का झालं, भाऊ?"

टावर आत्ताच आला, एवढं म्हटलं असतं तरी तिने मान डोलावली असती. ते शब्द त्याच्या तोंडाशी आलेही होते.

"टावर चांगलाच होता, बाई. डबा मीच कोंडला होता. तुमाले धानोऱ्यालेबी मीच जाऊ नाई देलं."

सोमारीने त्या लाल अक्षरांकडे एकदा पाहिलं. मग कागद आवरत म्हणाली, "पोरीले तुमीच सांगा. मले नाई जमत."

त्याने तिला मोटारसायकलवर मागे बसवलं. दोघं टोल्यावर पोहोचली.

दीपिकाने अंगणात खाट टाकली, तांब्याभर पाणी आणलं. "फॉर्म झाला ना, काका?"

"नाई झाला, पोरी."

तिचा चेहरा पडला, पण क्षणभरच. मग तीच त्याची समजूत घालू लागली. "जाऊ द्या, काका. आईनं सांगतलं मले, तुमी चारी दिवस किती झटले ते. टावरच नाई तं तुमी का करान?"

सोमारी घरात निघून गेली. श्रीहरीने तांब्या खाली ठेवला.

"टावर होता, पोरी," तो म्हणाला, आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.