दहा भांडी पालक

सासरी तिला सगळे ‘कंपाउंडरची’ म्हणत, कारण वडील दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधायचे. लग्न होऊन ती खानावळवाल्यांच्या घरात आली, तेव्हा थोरल्या जावेनं पहिल्याच दिवशी तिच्या हातात सुरी दिली.

"तू चिरायचं. शेगडीला मुरलेला हात लागतो, हात. तो तुझ्याकडे नाही."

तेव्हापासून ती कोपऱ्यात बसून चिरत होती. तिथून तिला दिसायची ती जाऊबाईंची पाठ. जाऊबाईंचं माप म्हणजे एक पोचे आलेलं पितळी भांडं. पालक, गाजर, मटार, सगळं त्यातच मोजलं जायचं.

मग जाऊबाई ओल्या फरशीवर घसरल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. बाहेर बसून त्यांनी हुकूम सोडला, "सूपला दहा भांडी पालक घाल. पाणी नेहमीचं."

कंपाउंडरचीनं मोजून दहा घातली. तरी टेबलावरून आवाज आलाच, "सूप आणा हो, हे हिरवं पाणी कसलं?"

थोरल्या दिरांनी कपाळाला हात लावला. "उद्या बाहेरचा आचारी बघतो."

झालं! आचारी एकदा शेगडीपाशी उभा राहिला की ती जन्मभर कोपऱ्यातच.

सकाळी तिनं गल्ल्याजवळचा वजनकाटा उचलून ओट्यावर आणला.

"भावजी, आचाऱ्याला संध्याकाळी बोलवा. आधी हे बघा. जाऊबाई, एक भांडं पालक भरा."

"स्वयंपाक करायचाय की पुड्या बांधायच्यात?"

"पुड्या. भरा तुम्ही."

जाऊबाईंनी डाव्या हातानं पालक भरला, वर मूठ ठेवून खच्चून खाली रेटला, पुन्हा भरला. भांड्याचं वजन वगळून काट्यावर अडीचशे ग्रॅम आले. मग कंपाउंडरचीनं भरला. सव्वाशे.

"बघा! हात आखडता हिचा!"

"मी नुसता भरते. तुम्ही दाबता."

"मी? मी कधी गं दाबलं?" असं म्हणता म्हणता जाऊबाईंची मूठ पुन्हा भांड्यात गेली.

भावजींना हसू आवरेना. "अगं, आत्ता दाबलंस!"

"ते बसवलं. दाबणं वेगळं."

"मग मटार बसवा," कंपाउंडरची म्हणाली.

मटार काही दबले नाहीत. दोघींची वजनं सारखीच आली. मग तिनं कोबी मोजला, गाजर मोजलं, एकेक भाजी जाऊबाईंच्या मुठीतून काट्यावर उतरवून घेतली. दुपारी सूप जमलं. आचाऱ्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

प्लास्टर निघालं, त्या दिवशी जाऊबाई थेट शेगडीपाशी आल्या. "दे ती पळी. हो बाजूला."

"नाही."

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. मला हात नाही, हे तुम्हीच सांगितलंत, आणि ते खरंय. पण मला काटा आहे. आणि तो ओल्या फरशीवर घसरत नाही."

भावजी खोकले आणि गल्ल्याकडे पळाले. जाऊबाई पळीकडे बघत उभ्या राहिल्या. कंपाउंडरची ढवळत राहिली, जागची हलली नाही.

अखेर कोपऱ्यातली खुर्ची कुरकुरली.

"किती चिरू?"

"अडीच किलो पालक."

"म्हणजे दहा भांडी."

"तुमची दहा, जाऊबाई. माझी वीस."