कशासाठी काका

आमच्या ऑफिसात आम्ही सात माणसं आणि एक काका. आम्हा सातांचं काम कोणालाही सांगता येतं. काकांचं काम सांगायला घेतलं की समोरचा जांभई देतो, म्हणून थोडक्यात उरकते. मोबाइलमधलं कुठलंही ॲप उघडा, ते आधी हात पसरतं. कॅमेरा द्या, माइक द्या, फोनमधली नावं-नंबर द्या, तुम्ही कुठे आहात ते दाखवा. हे जे जे लागणार, ते सगळं ॲप लोकांपर्यंत जाण्याआधी लिहून जाहीर करावं लागतं आणि प्रत्येक मागणीपुढे कारण द्यावं लागतं. काका ती यादी करतात. दोन रकाने असतात. पहिला ‘काय हवं’, दुसरा ‘कशासाठी’. दिवसभर सगळ्यांना तोच प्रश्न विचारून विचारून त्यांचं नावच कशासाठी काका पडलं.

आणि माणूस म्हणजे डोक्याला ताप. एकदा आमच्यातल्या एकाने फोनमधल्या नंबरांची परवानगी मागून ठेवली. का, तर पुढेमागे लागेल. काका म्हणाले, “लागेल तेव्हा मागू. शेजाऱ्याकडे साखर मागायला गेलास तर कपाटाची किल्लीपण मागतोस का?” तीन दिवस दोघं बोलत नव्हते. काका ढिम्म. आधी ते औषधांच्या खोक्यात जो घड्या घातलेला कागद असतो, त्यावरचा मजकूर लिहायचे. कोणीही वाचत नाही ते लिहिण्यात हयात गेलेली, तेव्हा त्यांना कशाचं काय वाटणार?

माझं टेबल त्यांच्या शेजारी. माझं काम दुसऱ्यांच्या चुका काढायचं, आणि ते मी फुकटही करते असं घरचे म्हणतात. काकांची चूक मात्र सहसा सापडायची नाही. त्यांची एक पद्धत होती. कारणाचं वाक्य ते आधी एका ओळखीच्या माणसाला सांगितल्यासारखं लिहायचे. कॅमेऱ्याचं मेहुण्याला, माइकचं खालच्या मजल्यावरच्या बहिऱ्या आजोबांना. ते पटलं, की मग तेच वाक्य सगळ्यांसाठी नीट करून घ्यायचे.

हा माणूस असा का झाला, ते मला दोन वर्षांनी कळलं. चहा पिताना त्यांनी स्वतःच सांगितलं, कपाकडे बघत. त्यांना एकच मुलगी. ती एकोणीस वर्षांची असताना, ती अंघोळीला गेलेली बघून, त्यांनी तिच्या फोनमध्ये ती कुठे जाते ते दाखवणारं काहीतरी घातलं. सहा महिने ते ऑफिसात बसून तिचा ठिपका बघायचे. वाईट हेतू नव्हता, पण राहवायचं नाही. मग एक दिवस नुसतं बघून भागेना, तेव्हा तिच्या मागे गेले. मैत्रिणीच्या घरातून ती बाहेर पडली आणि समोरच्या फुटपाथवर बाप उभा. तिला सगळं कळलं. घरी येऊन तिने बॅग भरली आणि एवढंच म्हणाली, “विचारलं असतंत तर सांगितलं असतं, बाबा.”

त्याला चार वर्षं झाली. आईला ती दर आठवड्याला फोन करते. गाव सांगितलंय, नोकरी सांगितलीय, पत्ता सांगितलेला नाही. आईला सांगितला की बाबांना कळणार, हे तिला पक्कं ठाऊक.

त्यात आमचं नवं ॲप आलं ते नेमकं घरच्यांसाठी. कोण कुठे पोचलं ते कुटुंबातल्या बाकीच्यांना दिसावं, असं. तपासणीसाठी आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरच्यांना त्यात घेतलं. काकूंनी परस्पर मुलीलाही घेतलं, आणि आश्चर्य म्हणजे ती आली. पण ठिकाण दाखवायला तिने नकार दिला. काकांच्या फोनवर तिच्या नावाखाली राखाडी अक्षरं यायची, ‘ठिकाण दिलेलं नाही’. दिवसातून चाळीस वेळा ते ती ओळ उघडून बघायचे.

“काका, तेच लिहिलेलं असणार ना,” मी एकदा वैतागून म्हटलं.

“हो. पण घरच्यांच्या यादीत आहे ती,” ते म्हणाले. मग मी त्यावरून त्यांना कधी छेडलं नाही.

तिकडे साहेबांची वेगळीच रड. ॲप बाहेर गेलं, पण लोक ठिकाण द्यायला नकार देत होते. साहेब म्हणाले, सरळ चोवीस तासांचं ठिकाण मागून टाका. काका म्हणाले, ॲप उघडलेलं असेल तेवढ्यापुरतंच मागू, फार तर वाक्य बदलतो. दोन दिवस घासून त्यांनी नवं वाक्य लिहिलं आणि गुरुवारी ते माझ्याकडे तपासायला आलं.

‘तू पोचलीस एवढंच कळावं म्हणून. मागे येणार नाही.’

वाक्य एका माणसासाठी लिहून झालं होतं आणि सगळ्यांसाठी करायचं राहून गेलं होतं. परत पाठवणं माझं काम होतं. मी शेजारी बघितलं. काका चष्मा पुसत होते, त्यांना पत्ताच नव्हता. मी ‘ठीक’वर खूण केली आणि पाणी प्यायला उठले.

शुक्रवारी ते सगळीकडे गेलं. एका सद्गृहस्थांनी कळवलं की ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि त्यांना अरेतुरे केलेलं चालत नाही, त्यातून ते पुरुष आहेत. साहेब कडाडले. मग होकार देणारे वाढलेत हे दिसल्यावर जरा निवळले. काकांनी मान खाली घालून माफी मागितली आणि संध्याकाळपर्यंत वाक्य बदललं, पण ज्यांच्या फोनवर जुनं पोचलं होतं त्यांच्याकडे ते तसंच राहिलं. ते मी जाणूनबुजून सोडलं होतं, हे आजवर त्यांना सांगितलेलं नाही.

सोमवारी अकराच्या सुमाराला काकांनी मला खुणेने बोलावलं. राखाडी अक्षरं गेली होती. नकाशावर निळा ठिपका होता. अरुंद गल्ली, समोर शिंप्याचं दुकान, मागे पाण्याची टाकी. काका फोनला हात लावत नव्हते, नुसते वाकून बघत होते. वीस मिनिटांनी ठिपका गेला आणि राखाडी अक्षरं परत आली. परवानगी देताना तिने ‘फक्त या वेळी’ दाबलं असणार.

“गल्ली बघितलीत ना?” मी म्हटलं. “संध्याकाळची बस आहे.”

“मागे येणार नाही असं लिहिलंय मी.”

“अहो, मुलगी आहे तुमची.”

“पोचल्याचं कळावं म्हणून घेतलंय. त्याच्या जोरावर दारात जाऊन उभं राहायचं म्हणजे वेगळं काम झालं. त्याला वेगळं मागावं लागतं.”

माझं डोकं फिरलं. “मग मागा की. आम्हाला रोज अक्कल शिकवता, स्वतःची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी?”

काका लालेलाल झाले. मग त्यांनी चार वर्षांतला पहिला निरोप तिला लिहिला. ‘तिकडे येऊ का?’

मंगळवार कोरडा गेला. बुधवारी सकाळी उत्तर आलं. ‘कशासाठी?’

मला वाटलं, झालं, दार तोंडावर आपटलं. काकांचा चेहरा मात्र उजळला. “नाही म्हणालेली नाही,” ते म्हणाले. “रकाना भरायला सांगितलंय.”

पण रकाना काही भरेना. जगाच्या कॅमेऱ्यांची कारणं लिहिणारा माणूस अकरापासून चारपर्यंत एक ओळ लिहीत होता आणि पुसत होता. आईने कपडे दिलेत. खोटं. त्या बाजूला काम आहे. तेही खोटं. जेवणाचा डबा तसाच राहिला. शेवटी त्यांनी काहीतरी लिहिलं आणि फोन माझ्यापुढे सरकवला, तपासायला.

‘तुला बघायचंय. दारातून परत जाईन.’

“ठीक,” मी म्हटलं.

उत्तर पाच मिनिटांत आलं. ‘रविवारी या. या वेळेपुरतं.’

काकांनी ते तीनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. टेबलावरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून ते मोजायला लागले.

“चार दिवस आहेत, काका,” मी म्हटलं. “चार वर्षं काढलीत, चार दिवस काय?”

“ती वर्षं निघाली गं कशीतरी,” काका म्हणाले. “हे चार दिवस निघत नाहीयेत.”