सावंतचा उभा गेम

प्लायवूडच्या दुकानात भुसा रोज संध्याकाळी झाडून निघतो, किस्से मात्र काउंटरखाली साठतच जातात. त्यात माझा एक अनुभव आहे. शंभर शीट नेणारा गाडी भरून निघून जातो. एक शीट नेणारा चहा पितो, बसतो आणि किस्सा ठेवून जातो. पूनम सागर सोसायटीचे सावंत हे एका शीटवाले!

नुकतेच रिटायर झालेले. हातात आयुष्यभर पेन, करवत कधीच नाही. एक दिवस येऊन म्हणाले, "शेठ, व्हिडिओ गेम बनवायचाय. पूर्वी पार्लरमध्ये असायचा ना, उभा, तसा. दोघांना खेळता येईल असा."

"अहो, मोबाइलमध्ये फुकट मिळतो की!"

"मोबाइलमध्ये सायमनचं कोपर लागत नाही."

सायमन म्हणजे तारोडीच्या कोळीवाड्यातला त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. डावखुरा. पार्लरच्या मशीनवर बटणं उजवीकडे आणि जॉयस्टिकचा दांडा डावीकडे, म्हणून हा हाताची कैची करून खेळायचा आणि त्याचं कोपर बरोबर सावंतच्या बरगडीत! बायको गेल्यापासून सायमन घराबाहेर पडत नव्हता. ना चर्च, ना बंदर. "गेम बघून तरी येईल," सावंत म्हणाले. मी चहा मागवला.

* * *

मी सांगितलं, आधी पुठ्ठ्याचा बनवा. पुठ्ठा चुकला तर रडू येत नाही. फ्रिजच्या खोक्यातून त्यांनी अख्खा गेम कापून हॉलमध्ये उभा केला. आठवड्याने आले ते तोंड पाडून.

"काय झालं? माप चुकलं?"

"ही म्हणते, वरचा उतार कमी करा. टॉवेल घसरतात!"

* * *

मग पाण्याने न फुगणारा मरीन प्लायच पाहिजे म्हणून हटून बसले.

"मरीन कशाला? होडी बांधताय काय?"

"शेठ, सायमनने आजपर्यंत हात धुऊन बटण दाबलेलं नाही!"

* * *

कापायला त्यांनी एका शीटवर सगळे तुकडे चिकटून चिकटून आखले. करवतीच्या पात्यालाही जागा लागते हे डोक्यातच नाही. शेवटचा तुकडा बोटभर कमी भरला. तडक दुकानात!

"शेठ, तुमची शीट छोटी निघाली."

मी त्यांच्यासमोर दुसऱ्या शीटला टेप लावून दाखवली. पूर्ण.

"मग माझं लाकूड गेलं कुठे?"

मी त्यांच्या डोक्याकडे बोट केलं. केसांत, भुवयांत, चष्म्यावर भुसाच भुसा!

* * *

खरा घोळ बटणांच्या फळीत झाला. पुढच्या सनमायक्यावर पेन्सिल लागू नये म्हणून त्यांनी मागच्या बाजूने आखलं, भोकं मारली आणि फळी पलटली. झालं! दोन्ही खेळाडूंची बटणं डावीकडे, दांडे उजवीकडे. सगळं उलटं.

आणि सायमन रविवारी यायला कसाबसा तयार झालेला. नातेवाइकांना नाही म्हणणारा माणूस, "ये, तुला हरवतो" म्हटल्यावर हो म्हणाला होता!

"रविवारपर्यंत नवीन फळी होणार नाही शेठ. बघून परत गेला तर पुन्हा यायचा नाही."

सोबत आलेल्या सावंतवहिनी शांतपणे म्हणाल्या, "माणूस येतोय ना? मग फळीचं काय घेऊन बसलात!"

* * *

रविवारी मीही गेलो. सायमन आला. दाढी वाढलेली, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. मशीनसमोर उभा राहिला आणि सवयीने हाताची कैची केली. हात अडखळले. खाली बघितलं. मग हळूहळू कैची सोडवली. डावा हात बटणांवर, उजवा दांड्यावर.

"सावंत, तुला आजून याद हाय?"

सावंतने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वहिनींकडे.

"मग! मुद्दाम उलटी मारलीत भोकं!"

वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. मी बोंबलांकडे बघत राहिलो.

गेम सुरू झाला. आता सावंतला काही जमेना. शेवटी त्यांनीच हाताची कैची केली, आणि कोपर थेट सायमनच्या बरगडीत!

"आरं, कोपर सांभाळ!" सायमन ओरडला. "आनि परत लाव. हा गेम धरायचा न्हाय!"