शेवटचा घोट

जुडिथला इस्पितळातल्या प्रश्नांच्या कागदावरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तो कागद तिला तोंडपाठ होता. वॉर्डात नवा पेशंट आला की ती त्याच्या बायकोशेजारी बाकावर बसायची. आधी गाव विचारायची, मग पोरंबाळं, मग चहा आणून द्यायची आणि कपातला चहा अर्धा झाला की हळूच विचारायची, "शेवटचा घोट कधी घेतला त्यानं?" पितो का, असं ती चुकूनही विचारत नसे. पितो का म्हटलं की बायका खोटं बोलतात. हे तिला कुणा डॉक्टरनं शिकवलं नव्हतं. ती स्वतःच खोटं बोलली होती.

त्याआधी पंचवीस वर्षं ती उत्तनच्या बाजारात मासळी विकत होती. जीभ अशी तिखट, की भाव पाडायला आलेलं गिऱ्हाईक सांगितला तो भाव देऊन वर "येतो हं" म्हणून जायचं. नवरा अल्फान्सो, स्वतःची बोट हाकणारा तांडेल. माणूस सोन्यासारखा, पण पहाटे बोटीवर जाताना घोट, परतल्यावर घोट आणि संध्याकाळी तर विचारूच नका. पिऊन त्यानं कधी कुणावर हात उगारला नाही, उलट गाणी म्हणायचा, तीही बेसूर. दरवर्षी राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घ्यायचा आणि ईस्टरपर्यंत चाळीस दिवस दारू सोडल्याचं गावभर सांगायचा. बोटीच्या फळीखालची बाटली मात्र उपास पाळत नसे. जुडिथला ते माहीत होतं, फादरलाही माहीत असावं. कुणी बोलत नव्हतं, आणि न बोलल्यानं कुणाचं काही अडतही नव्हतं.

दोन हजार चार साली अडलं. ॲन्ड्रियाचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न ईस्टरनंतरच्या आठवड्यात ठरलं. जुडिथनं नवऱ्याला घरातल्या क्रुसासमोर उभं केलं. "या वर्षी खरोखर सोड. पोरीचा हात धरून देवलात चालशील तवा तुजा हात कापता नये."

अल्फान्सोनं शपथ घेतली. फळीखालची बाटली काढून समुद्रात टाकली. मंगळवारी संध्याकाळी एकच ग्लास मागितला, शेवटचा. तो जुडिथनं स्वतः भरून दिला.

बुधवारी रात्रीपासून त्याला घाम फुटायला लागला, हात लटलटायला लागले. जुडिथला आनंद झाला. इतक्या वर्षांचं विष निघतंय, असं तिला वाटलं, आणि शेजारणींनाही ती तेच सांगत सुटली. गुरुवारी धक्क्यावर अल्फान्सोचा पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. मासळीच्या टेम्पोत घालून त्याला भाईंदर पश्चिमेला एका इस्पितळात आणलं. ॲन्ड्रियाची होणारी सासूही बातमी ऐकून तिथंच आली. नर्सनं फॉर्म भरताना विचारलं, "दारू वगैरे घेतात का?"

सासू दारात उभी होती. अल्फान्सो खाटेवरून जुडिथकडे बघत होता.

"न्हाय," जुडिथ म्हणाली. "थेंब न्हाय."

अल्फान्सोनं समाधानानं डोळे मिटले. आपण नवऱ्याची शपथ सांभाळली, असं तिला त्या घडीला अगदी मनापासून वाटलं. माणूस खोटं बोलताना असं काहीतरी वाटून घेतोच.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. शनिवारी सकाळी अल्फान्सोला वात झाला. अंगावर मुंग्या चढल्यात म्हणून चादर झटकू लागला, मेलेल्या भावाला हाका मारू लागला. मांडीत सळई घातलेला माणूस उठून बसायचा, दोन्ही हात पुढे टाकायचा आणि छातीशी ओढायचा. पुन्हा पुढे, पुन्हा छातीशी. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचा ताप असेल, पडताना डोक्याला मार बसला असेल. त्यांनी जुडिथला पुन्हा विचारलं, "नक्की पीत नाहीत ना?" आता हो म्हणायचं, तर परवा खोटं बोललो हे कबूल करावं लागणार. ती पुन्हा नाही म्हणाली. मग नर्सनं पट्ट्यांनी त्याचे हात खाटेला बांधले. बांधलेल्या हातांची बोटं तरी चाळवतच राहिली.

रविवारी दुपारी डॉ. मनोरमा आल्या. मानसोपचाराच्या डॉक्टर, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या. त्यांनी फॉर्मकडे बघितलंही नाही. खाटेजवळ स्टूल ओढून बराच वेळ त्या अल्फान्सोची बोटं बघत बसल्या.

"काय करतायत हो हे?"

"जाल ओढतो."

"मासळी लागलीय का?"

एवढ्या आपुलकीनं कुणी विचारेल असं जुडिथला वाटलंच नव्हतं. तिचा बांध फुटला. मॅडमनी तिला रडू दिलं आणि मग विचारलं, "शेवटचा घोट कधी घेतला होता त्यांनी?"

"मंगलवारी. मीच भरून दिला."

इंजेक्शनं सुरू झाली, सलाईनमधून औषधं गेली. संध्याकाळी त्याला झटके आले. सोमवारी सकाळी, बाहेर दूधवाले फिरत असताना, अल्फान्सो गेला. मग नर्सनं त्याचे हात सोडले.

उत्तनमध्ये अंत्ययात्रा मोठी निघाली. फादर म्हणाले, आपल्या भावानं मरेपर्यंत शपथ पाळली. लोक म्हणाले, सरळ स्वर्गात गेला. घरातल्या फोटोला हात लावून बायका कपाळाला लावू लागल्या. जुडिथ भिंतीला टेकून बसून राहायची.

तीन महिन्यांनी ती मॅडमकडे गेली. "तवाच सांगितलं असतं तर वाचला असता?"

मॅडम गोड बोलून वेळ मारून नेणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बहुतेक वाचले असते. रोजची दारू अशी एकदम तोडली की असं होतं. आधी कळलं असतं तर औषधं देऊन हळूहळू सोडवता आली असती."

त्यांचं तेव्हा एक संशोधन सुरू होत होतं. दुसऱ्याच दुखण्यासाठी इस्पितळात आलेल्या किती जणांना असा वात होतो आणि त्यातल्या कितींना दारू तुटल्यामुळे होतो, हे त्यांना शोधायचं होतं. घरची माणसं खरं सांगत नाहीत, म्हणून त्या वैतागल्या होत्या.

"कागदावरचा सवालच चुकतो, तुमी मला इचारला तो घाला," जुडिथ म्हणाली.

त्या दिवसापासून ती वॉर्डातल्या बाकावर बसायला लागली. कागदावरचा पहिला प्रश्न बदलला. चार वर्षं तिनं किती बायकांना चहा पाजला, किती जणी तिच्या खांद्यावर रडल्या आणि किती नवरे बरे होऊन कुरकुरत घरी गेले, ते मॅडमनी लिहून ठेवलं. जुडिथनं फक्त त्यांचे चेहरे लक्षात ठेवले.

शेवटी ते सगळं छापून आलं. मॅडम हौसेनं प्रत घेऊन आल्या, तक्ते उघडून दाखवू लागल्या. जुडिथनं आकड्यांवरून बोट फिरवलं. "यात अल्फान्सो कुठला?"

मॅडमनी प्रत मिटली. मग म्हणाल्या, "ते यात नाहीत, जुडिथबाई. काम सुरू व्हायच्या आधीचे ते. नियमानं त्यांना धरता येत नाही."

जुडिथनं मान डोलावली. गावात अल्फान्सो शपथ पाळून मेलेला होता, इथं तो नव्हताच. खरा अल्फान्सो, जाळं ओढता ओढता गेलेला, एका तिच्यापाशीच उरला होता. ती मेली की तोही गेला असता.

पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारआधीच्या रविवारी देवळातली मिस्साची प्रार्थना संपल्यावर तिनं फादरची परवानगी घेतली आणि माईकपुढे उभी राहिली. दुसऱ्या बाकावर ॲन्ड्रिया लेकराला घेऊन बसली होती. आई काय सांगणार, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"माजा नवरा शपथेनं मेला न्हाय," जुडिथ म्हणाली. "शपथ मीच घ्यायला लावली. इस्पितलात दोनदा इचारलं, पितो का. दोनदा मी न्हाय म्हनले. म्हनून तो मेला. बुदवारी कुनी सोडनार असंल तर एकदम सोडू नका. आधी डॉक्टरला दाखवा, आनि खरं सांगा."

बाकांवरची डोकी एकमेकांकडे वळली. मग कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, मेलेल्या नवऱ्याची अब्रू घालवली. कुणी म्हणालं, उपासाच्या तोंडावर दारूची वकिली करते. ॲन्ड्रियानं लेकराला उचललं आणि आईकडे न बघता ती बाहेर पडली.

जुडिथ पायऱ्यांवर एकटीच उभी राहिली. आजवर तिला बघून थांबणारे लोक आज तिला वळसा घालून जात होते. ॲन्ड्रिया गेली त्या वाटेकडे ती बघत राहिली.

गर्दी पांगली तशी रॉयस्टनची बायको मागं रेंगाळली. रॉयस्टन म्हणजे अल्फान्सोच्याच बोटीवर वाढलेला, आता स्वतः तांडेल. ती जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काकी, माजा बुदवारपासून सोडनार हाय. क्रुसासमोर म्हनलाय."

जुडिथनं सवयीनं विचारलं, "शेवटचा घोट कवा घेतला?"

पोरगी लाजली. "आत्ताच. मिस्साला येताना."

"मंग अजून वेल हाय, बुदवारच्या आधी त्याला मॅडमला दाखवू," जुडिथ म्हणाली, आणि पोरीबरोबर पायऱ्या उतरली.