सरांची भागीदारी

जगातली निम्मी युद्धं करार केल्याने थांबतात आणि उरलेली कार्यशाळा घेतल्याने, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या जीपमध्ये बसला. विद्यापीठातले सर. युद्धाने पोळलेल्या देशांतल्या विद्यापीठांशी भागीदारी करून तिथल्या शेतीला हात द्यायचा, असा त्यांचा प्रकल्प. गडचिरोलीच्या स्टँडवर चहा घेतला तरी चहावाल्याला म्हणत, "आपण या प्रक्रियेतले भागीदार आहोत." तो म्हणे, "सर, साखर टाकू का अजून?" मी मोह-हिरड्याचा व्यापारी, सायकलवर पोती वाहत जीपपर्यंत आलेला. चार वर्षं सरांना गावोगाव मी फिरवलं, माणसं मी जमवली. अहवालात माझं नाव कुठे, तर शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत : 'वाहतूक साहाय्य'. बॅनर बांधणारा मात्र 'क्षेत्रीय समन्वयक'. असो. मी ते कधीच विसरून गेलो आहे.

सरांना प्रश्न विचारायचा भारी नाद. एका म्हातारीला त्यांनी विचारलं, "आजी, तुमच्या दृष्टीने शांतता म्हणजे काय?" ती म्हणाली, "तू चूप बसला का होते, बाबू." सरांनी ते आदराने वहीत उतरवून घेतलं.

युद्धाने पोळलेल्या अशाच एका देशातल्या शेतकी शिक्षिका त्या वर्षी पाहुण्या आल्या. त्यांच्या खोऱ्यातलं भाताचं बियाणं गोदामासकट जळालं होतं, पेरणी तोंडावर होती. कमी पाण्यात येणारं आमच्या जंगलातलं जुनं भात तिकडे रुजेल, असा सरांचा अंदाज. दिल्लीपर्यंतच्या सगळ्या परवानग्या त्यांनी जमवल्या होत्या. फक्त ज्यांचं बियाणं त्यांना विचारायचं तेवढं राहिलं होतं. भामरागडकडच्या गावात पोचलो, तर बीजपंडुम चार दिवसांवर. त्या दिवशी बियाणं देवापुढे ठेवून पुजतात. त्याआधी एक दाणा घराबाहेर जात नाही. बाईंचं विमान परवाचं.

"भाऊ, तुम्ही समजवा यांना," सर कुजबुजले. आयुष्यभर घासाघीस केलेला माणूस मी. गावची पूजा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला म्हटलं, "काका, पाहुणी लढाईतून आली. मूठभर तं द्या."

"म्हणून तं नाई देत. पुजल्याबिगर ते बीज अर्धंच. तिले अर्धं देऊ का आमी?"

माझं डोकं फिरलं. "अगा, पण विमान हाये तिचं!"

"मंग त्याले थांब म्हणा ना. आमाले काऊन वरडून राह्यला?"

आता सर वहीत 'समुदायाचा प्रतिकार' असं लिहून जीपमध्ये बसणार, याची मला खात्री होती. सरांनी वही मिटली. बाईंचं तिकीट पुढे ढकललं, नागपुरातला भागीदारीच्या करारावर सह्या करायचा मोठा समारंभ रद्द केला आणि गावातच मुक्काम ठोकला. पहिल्या दिवशी त्यांनी कार्यशाळा घ्यायचा प्रयत्न केला. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी बायांत बसून पत्रावळी लावल्या, सगळ्या गळक्या. तिसऱ्या दिवशी ते चक्क गप्प होते. चौथ्या दिवशी म्हाताऱ्याने पानांत बांधलेला बियाण्याचा पुडा बाईंच्या ओंजळीत ठेवला. सरांना फोटो काढायचंही सुचलं नाही. समारंभ हुकल्यामुळे रुसलेल्या परदेशी भागीदारांनी पुढे प्रकल्पच गुंडाळला. म्हणजे सरांनी आयुष्यात एकच धड काम केलं, आणि ते कुठल्याच अहवालात नाही.

बाईंचा एकच निरोप आला : "पोचले. उद्या पेरते." त्याच आठवड्यात तिकडे पुन्हा लढाई पेटली. मग फोन लागेना, पत्राला उत्तर येईना.

सर आता निवृत्त होऊन चंद्रपुरात असतात. परवा त्यांचा फोन आला. "भाऊ, यंदा बीजपंडुम कधी आहे?"

"काऊन?"

"नाही, तिचं पेरायचं राहून गेलं असेल, तर एक पुडा मागून ठेवावा म्हणतो."

"सर, बियाणं जुनं होते. ठेवाचं म्हटलं तं दरसाल नवं मागा लागन."

"हो," सर म्हणाले. "मग दरसाल जाऊ."

भांडायला माझ्याकडे पुष्कळ काही होतं. पण मी एवढंच म्हणालो, "गुरुवारी सकाळी तयार राहा. आणि चार दिवसांचे कपडे घ्या."