बांधावरच्या माणसाचा निरोप

लेकीचा फोन आला तेव्हा मी अंगणात कुरडया उलटत होते. लेक लोणावळ्यात एका हॉटेलात रिसेप्शनला असते, आणि कामाच्या वेळात ती कधी घरी फोन करत नाही. मी हॅलो म्हणायच्या आधीच तिकडून हुंदका आला. "आई, ते चालले गं!"

नुकतीच सोमाटण्याची मंडळी तिला बघून गेली होती. घर चांगलं, मुलगा चांगला, सगळं जुळत आलेलं. मी म्हटलं, "म्हणजे नाही म्हणाले? कारण काय सांगितलं?"

"अगं ते नाही! आपले मॅनेजर! क्लब सोडतायत. सीझन संपला की जाणार."

डोंबल माझं! तिकडे इंग्लंडात फुटबॉलचा एक मॅनेजर नोकरी सोडतो आणि इथे माझ्या काळजाचं पाणी होतं. मी तिला अशी काही झापली म्हणता! पण ती ऐकायच्या मनःस्थितीतच नव्हती. तिची सगळी टोळी क्लबच्या जर्स्या घालून बाजारातल्या एका चिक्कीच्या दुकानापुढे जमली होती आणि एकमेकांच्या गळ्यात पडत होती. दुकानदार बिचारा भला माणूस. कोण गेलं, कसं गेलं, काही न विचारता त्याने सगळ्यांना पाणी दिलं आणि बसायला स्टुलं काढून दिली.

फोन ठेवला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई, आबा! आबांना हे सांगायचं कोणी?

आबा म्हणजे माझे सासरे. आमचं घर तिकोणा पेठेत, गडाच्या पायथ्याशी, आणि शेती भाताची. घर एक, पण मधोमध भिंत आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना दोन चुली. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला माझे धाकटे दीर आणि जाऊ. वाटणी झाली तेव्हा शेताच्या बांधावरून दोघा भावांचं असं बिनसलं की तेव्हापासून बोलणं बंद. आम्हा जावांचं काही भांडण नाही. दळण एकत्र नेतो, कुरडया एकत्र घालतो. पण हे दोघे! समोरासमोर आले की एक गडाकडे बघणार, दुसरा धरणाकडे. आबा एक महिना आमच्याकडे जेवतात, एक महिना तिकडे. ओसरी तेवढी सामाईक राहिली, आणि ओसरीवर आबांचा टीव्ही.

त्या टीव्हीनेच हे खूळ घरात आणलं. मागे आबा गोठ्यात घसरून पडले, पायाला प्लास्टर, दिवसभर खाटेवर. मालिका लावली की म्हणायचे, "ह्या बायका सारख्या रडत्यात का? घरात कामं न्हाईत व्हय ह्यांच्या?" बटणं दाबता दाबता एकदा हिरवंगार मैदान दिसलं आणि त्यांचं बोट थांबलं. "एवढं रान, आन् ढोर एक न्हाई!" मग त्यांना मैदानाच्या कडेचा माणूस दिसला. पाऊस कोसळतोय, डोक्यावर छत्री नाही, आणि हा आपला ओरडतोय, हात हलवतोय, एकाला शिव्या घालतोय, दुसऱ्याला जवळ घेतोय. आबा उठून बसले. "ह्यो बांधावरचा मालक हाय," म्हणाले. "भात लावताना मी आसाच उबा ऱ्हातो. गड्यांसंगं भिजतो त्योच खरा मालक."

झालं. त्या दिवसापासून तो आमच्या घरात 'बांधावरचा'. खरं नाव घ्यायचं काही कामच उरलं नाही.

बापाला सोबत म्हणून दोन्ही मुलगे सामन्याला बसायला लागले, आणि प्लास्टर निघालं तरी बसतच राहिले. खाटेच्या एका टोकाला आमचे हे, दुसऱ्या टोकाला भाऊजी, मध्ये आबा. एकमेकांशी चकार शब्द नाही, पण टीव्हीशी काय बोलायचे! हे ओरडायचे, "आरं पास दे की! सगळं आपल्यापाशीच ठिवनार व्हय? बाजूला भाऊ हाय का न्हाई?" की लगेच भाऊजी, तेही टीव्हीकडे बघूनच, "भाऊ आदी आपल्या जागंवर तर ऱ्हाऊ दे! दुसऱ्याच्या हद्दीत कशाला घुसतोय?" आम्ही जावा दाराआड तोंडात पदर कोंबून हसायचो. आबा काही ऐकलंच नाही असं दाखवायचे. एकदा तर गोल झाला तेव्हा दोघे एकदम उठले आणि एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर पडला. चटका बसल्यासारखा काढून घेतला म्हणा, पण पडला होता. मी बघितला.

म्हणून माझा जीव त्या बातमीत अडकला. बांधावरचा गेला तर आबा सामने बघणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि आबा बसले नाहीत तर हे दोघे कशाला बसतात? दोन भावांचं तेवढंच एकत्र बसणं उरलं होतं घरात, तेही जाणार.

संध्याकाळी भीत भीत सांगितलं. आबांनी पहिलं काय विचारावं? "बदली कुटं झाली?"

"बदली नाही आबा. स्वतःहून सोडतायत."

"सोताहून कोन सोडतंय गं? कुना पुढाऱ्याच्या डोळ्यात खुपला आसंल." आमच्या शाळेतल्या एका गुरुजींची बदली झाली होती तेव्हा आबा माणसं घेऊन थेट वडगावला, तालुक्याच्या कचेरीत गेले होते आणि बदली थांबवून आले होते. तेच त्यांच्या डोक्यात. "ह्याचं हापिस कुटं हाय? आपुन जाऊ की समदी." मी म्हटलं, आबा, विमानाने जावं लागतं. तरी त्यांची तयारी होती. पण त्याने खरंच स्वतःहून सोडलंय हे एकदा गळी उतरलं आणि मग जे काय चिडले! "पीक उबं आसताना बांध सोडून जातो? जा म्हनावं! आमीबी न्हाई बगत." टीव्हीवर जुनी चादर टाकली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

पुढच्या शनिवारी सामना होता. हे ओसरीवर आले, चादर बघितली, आत गेले. भाऊजी आले, चादर बघितली, आत गेले. मग भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन मोबाइल लागले. तोच सामना, तोच आरडाओरडा. तिकडे नेटवर्क जरा कमी, त्यामुळे आमच्याकडे गोल आधी व्हायचा आणि भिंतीपलीकडे मागाहून. तोच आनंद, पण एका घरात दोनदा, वेगवेगळा. मला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं की मी उगाच भांडी आपटत बसले.

शेवटी लेकीला सांगितलं, "ये बाई, आता तूच काय ते बघ." ती सुट्टी काढून आली, जर्सी घालूनच. आबांच्या पायाशी बसली आणि मॅनेजर काय बोलले ते फोनवर वाचून मराठीत सांगायला लागली. त्यांचे वडील थकलेत म्हणे, गावाकडे एकटेच असतात. इतकी वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळली, आता थोडे दिवस बापापाशी बसायचंय.

आबा खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "बापाकडं चाललाय?"

"हो आबा."

"मंग आदी सांगायचं न्हाई व्हय, येडे! मी हितं त्याला शिव्या घालतोय!" आणि तोंड भरून हसले. "आरं, मग ह्यात रडायचं काय? चांगल्या कामाला चाललाय. नीट वाटं लावू त्याला. रिकाम्या हातानं न्हाई जाऊ द्यायचं."

आता रिकाम्या हाताने म्हणजे काय, ते सांगायला हवं. पाहुणा राहून निघाला की त्याला घरच्या इंद्रायणी तांदळाची पिशवी द्यायची, ही आमच्या घरची रीत. आणि निघणाऱ्याच्या नावाने एकदा तांदूळ मापला की तो कणगीत माघारी टाकायचा नाही. मी नवी नवरी असताना माझा भाऊ एसटीच्या गडबडीत पिशवी इथेच विसरून तळेगावला गेला. मी ती परत कणगीत ओतायला गेले, तर सासूबाईंनी माझं मनगटच धरलं. तो तांदूळ त्याच दिवशी शिजला, एका चुलीवर, आणि सगळ्या घराने एका पंगतीला बसून खाल्ला. न्यायला पाहुणा नसेल तर घराने मिळून खायचा, असा नेम.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी आबांनी सकाळीच नवी कोरी पिशवी मागितली. आमच्या कणगीतून मापटं भरभरून तांदूळ घेतला आणि पिशवी उचलून भिंतीपलीकडे गेले. जाऊबाईंच्या कणगीतूनही तेवढाच घेतला. "त्यो काय एकट्याचा मानूस व्हता? दोन्ही घरचं पायजे." मग टीव्हीवरची चादर ओढली, तिचीच घडी करून टीव्हीपुढे घातली आणि वर पिशवी ठेवली. शेजारी उपरणं, टोपी, नारळ. सगळं रीतसर.

संध्याकाळी लेकीची टोळी लोणावळ्याहून जीप करून आली. ओसरीवर पाय ठेवायला जागा नाही. हे आले, खाटेच्या एका टोकाला बसले. भाऊजी आले, दुसऱ्या टोकाला बसले. माझा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला. सामना तर काय, झकास जिंकला. संपल्यावर बांधावरचा मैदानभर फिरला, टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले. पोरं रडत रडत गाणी म्हणत होती आणि गात गात नाचत होती. आबा उठले, टीव्हीपुढे टोपी धरली आणि मोठ्याने म्हणाले, "सांबाळून जा रं बाबा. म्हाताऱ्याला आमचा रामराम सांग." नेमका त्याच वेळी तिकडे त्याने हात हलवला. आबांनी लगेच इकडून हलवला. "बगितलं! बगितलं त्यानं!" त्यांना इतका आनंद झालेला मी नातीच्या बारशालाही पाहिला नव्हता.

टीव्ही बंद झाला आणि सगळ्यांची नजर पिशवीवर गेली.

"आता ह्या तांदळाचं काय?" भाऊजी छपराकडे बघून म्हणाले.

"आर्दा-आर्दा करायचा. ज्याचा त्यानं न्यायचा," हे खांबाकडे बघून म्हणाले.

"कर की," आबा म्हणाले. पिशवीची गाठ सोडून त्यांनी ती दोघांच्या मध्ये ठेवली. "तुजा दाना कुंचा आन् त्याचा कुंचा, निवडून दाव मला." दोन्ही बाजूंचा तांदूळ इंद्रायणीच, बी एकच, आणि रानही कालपरवापर्यंत एकच होतं. काय डोंबल निवडणार! "मापलेला तांदूळ माघारी जात न्हाई," आबा म्हणाले. "सूनबाई, चूल पेटवा."

"कुणाची?" जाऊबाईंनी हळूच विचारलं.

आबांनी अंगणाकडे बोट दाखवलं.

तीन दगड मांडले, मोठं पातेलं चढवलं. एकीने आमटी टाकली, एकीने माझ्या त्या कुरडया तळल्या. इंद्रायणीचा वास सुटला आणि ती लोणावळ्याची पोरं रडायची विसरून चुलीभोवती घोटाळायला लागली. अंगणात पंगत बसली. आबांनी ह्यांना आपल्या शेजारी बसवलं. "धाकटा वाढील," म्हणाले. पहिली वाढ धाकट्याने करायची, हेही आमच्याकडचंच.

भाऊजी पातेली घेऊन वाढत निघाले. ह्यांच्या ताटापाशी आले आणि हात थांबला. आबा खाली बघून मीठ चाचपत होते.

"दादा," भाऊजी म्हणाले, "भात."

ह्यांनी मान वर केली नाही. "घाल," म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आन् तूबी बस आता. पोरी वाढत्याल. हितं बस."

मला रडू फुटलं. डोळ्यात धूर गेला, अमकं झालं, असलं काही मी म्हटलं नाही, सगळ्यांदेखत सरळ रडले. जाऊ माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मग दोघी रडता रडता अशा हसत सुटलो की हातातली आमटी सांडली.

"सूनबाई," आबा भात कालवत म्हणाले, "नवा मॅनेजर कोन येतोय, बग गं जरा त्या फोनवर."

"कशाला हो आबा? तुम्ही तर बघणार नव्हता ना?"

"वा! आल्या मानसाला जेवाया घालाया नको? आन् त्योबी कवातरी जाईलच की. तांदूळ ठिवा जरा दोन्हीकडं."

हे आणि भाऊजी एकदमच हसले. टीव्ही तेव्हा बंद होता.